आधी आकडा, मग सुरी

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून अंधेरीतील एका कंपनीत संगणकावर काम करतो आणि भांडुपला इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आईसोबत राहतो. वर्षभरापासून लोहारकाम शिकण्याची ओढ लागली आहे. त्यासाठी २५ हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि ऑनलाइन एक ऐरण पाहून ठेवली आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याने ट्रकच्या स्प्रिंगमधल्या पोलादी पाट्याचा तुकडा दिला आहे, त्याची सुरी करावी असे मनात आहे. बाल्कनीत गॅसची छोटी भट्टी बसवता येईल का? सुट्टीत आईच्या माहेरी, पेणजवळच्या गावी जाणे होते. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : बाल्कनीचे आधी सांगतो, कारण तेथे उत्तर ‘नाही’ असेच आहे. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर केवळ घरच्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो, त्यावर भट्टी चालवणे नियमात बसत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचत राहतो. शिवाय भट्टीत ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. आईसोबत राहत्या घरात असा धोका पत्करू नये. कोळशाची भट्टी गच्चीवर लावावी म्हटले तर गच्ची सोसायटीच्या सर्व सभासदांची असते, आणि धुराविषयी या शहराने आता फार सोसले आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर महापालिकेने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याच्या नोटिसा दिल्या. ज्यांचे पोट भट्टीवर आहे त्यांनाही ती बदलावी लागत असताना छंदासाठी शेजाऱ्यांच्या खिडकीखाली धूर करणे योग्य नव्हे. लोखंडावर हातोडा पडतो तेव्हा होणारा आवाज तीन मजले खाली आणि तीन मजले वर सारखाच पोहोचतो, हेही ध्यानात घ्यावे.

पेणचे घर मात्र तुमचे भाग्य आहे. घराला पडवी असेल आणि मागे परसू असेल, तर परसात कौलांचे किंवा पत्र्याचे एक उघडे छप्पर उभारा आणि तेथे भट्टी मांडा. छप्पर केवळ पावसासाठी लागत नाही. लोखंडाचा ताप आपण त्याच्या रंगावरून ओळखतो आणि कोकणातल्या भर उन्हात काळपट लाल तापलेला गज चक्क काळा दिसतो. म्हणून लोहाराची जागा नेहमी सावलीची, थोडी अंधारीच असते. महिन्यातून दोन शनिवार-रविवार मिळाले तरी पुरेत. गावी जाणे जमत नसेल तेव्हा भांडुप परिसरातील एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्याच्या मालकाला विचारून पाहा. तेथे आवाजाची कोणाला तक्रार नसते, आणि मालकाने कानस धरायला लावली तरी ती विद्या पुढे कामाला येतेच.

आता भट्टीविषयी. गॅसची भट्टी वाईट नसते, पण शिकणाऱ्याने पहिले वर्ष लाकडी कोळशावर काढावे असे माझे ठाम मत आहे, कारण निखाऱ्यांत लोखंड कोठे ठेवले, वारा किती दिला आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तेथे डोळ्यांसमोर घडते. खर्च जवळपास नाहीच. खाद्यतेलाचा १५ किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा आडवा ठेवून त्याची वरची बाजू कापून काढा, आत चिकणमाती आणि वाळू यांचा घट्ट काला भरा आणि मध्ये साधारण १५ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर खोल असा खळगा ठेवा. डब्याच्या एका बाजूने एक इंची काळा लोखंडी पाइप आत घाला, म्हणजे त्याचे तोंड खळग्याच्या तळापासून तीन-चार बोटे वर उघडेल. पाइप जीआयचा म्हणजे जस्त चढवलेला नसावा, त्याचे कारण पुढे येईलच. माती आठवडाभर सावलीत वाळू द्या, नंतर एकदा मंद विस्तव करून तिच्यातले उरलेले पाणी घालवा. ओल्या मातीत थेट भडका केल्यास आत वाफ कोंडते आणि भट्टी तडकते.

वाऱ्यासाठी अनेक जण केस वाळवण्याचे यंत्र जोडतात. ते चालते, पण त्याचा झोत थांबत नाही, आणि नवशिक्याचे अर्धे लोखंड त्या न थांबणाऱ्या वाऱ्यानेच जळते. हाताने फिरवायचा लोखंडी पंखा घ्या. हात थांबला की वारा थांबतो, त्यामुळे विस्तव आपोआप तुमच्या लक्षाएवढाच पेटता राहतो. पूर्वी मुंबईच्या चाळींत कल्हईवाला येई तो अंगणात वीतभर खड्डा करून, चामड्याच्या भात्याने निखारे फुलवून तेवढ्यावर पातेली उजळून देई. त्याच्या हाताची लय आठवत असेल अशी एखादी आजी गावी भेटली तर तिला अवश्य विचारा.

कोळसा भरताना एक गोष्ट सांभाळावी लागते. लोखंड नळीच्या तोंडासमोर कधीही धरू नये, कारण तेथे थंड वारा थेट आदळतो आणि लोखंडावर काळी खपली जाड होत जाते. नळीच्या तोंडावर चार बोटे पेटते निखारे, त्यांवर आडवा गज आणि गजावर पुन्हा निखाऱ्यांचे पांघरूण, अशी मांडणी असली की ताप सारखा बसतो.

तुम्ही पाहून ठेवलेली ऐरण घेऊ नका. मी सुरुवातीला अशीच एक चकचकीत रंगवलेली ऐरण एका विक्रेत्याकडून घेतली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिची कड नखाएवढी तुटून उडाली, तेव्हा ती बिडाची असल्याचे कळले. बीड ठिसूळ असते आणि हातोड्याचा घाव परत न देता गिळून टाकते. पारखायचे असेल तर बेअरिंगमधली एक गोळी वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडून पाहा. चांगल्या पोलादावर ती बरीच वर उसळते, बिडावर जेमतेम उडून बसते.

त्याऐवजी भंगारातला भरीव लोखंडी ठोकळा शोधा. दहा बाय दहा सेंटिमीटर जाडीचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा ठोकळा सुमारे साडेतेवीस किलो भरतो, आणि आपल्या कामाला तेवढा पुरतो. तो आडवा न ठेवता लाकडाच्या ओंडक्यात उभा रोवावा, म्हणजे सगळे वजन घावाच्या बरोबर खाली येते. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे मोडण्याच्या कामातून निघालेले जाड लोखंड पिढ्यान् पिढ्या विकले जात आहे, तर नवे लोखंड हवे असल्यास कळंबोलीचा लोखंड बाजार तुमच्या पेणच्या वाटेवरच आहे. कोणी रुळाचा तुकडा देऊ केला तर मोह होईल, कारण तो ऐरण म्हणून उत्तम असतो. ६० किलोच्या रुळाचा, म्हणजे मीटरमागे ६० किलो भरणाऱ्या रुळाचा, ३० सेंटिमीटरचा तुकडा १८ किलोचा होतो. परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा माल कोठून आला हे दाखवणारी रीतसर पावती मिळत नसेल तर तो तुकडा जेथे आहे तेथेच राहू द्या.

ओंडक्यावर ऐरण बसली की तिच्या शेजारी सरळ उभे राहून हाताची मूठ वळा. मुठीची बोटे जेथे येतात तेथे ऐरणीचा माथा असावा. याहून खाली असेल तर पाठ जाते, वर असेल तर खांदा. हातोडा सुमारे एक किलोचा पुरे. त्याचे एक तोंड सपाट आणि दुसरे पाचरीसारखे असावे, आणि सपाट तोंडाच्या कडा कानशीने थोड्या गोल कराव्यात, नाहीतर प्रत्येक चुकलेला घाव लोखंडावर चंद्रकोरीसारखा ओरखडा ठेवतो. हातोडा, कानस, छिन्नी आणि पक्का शेगडा (व्हाइस) हे सारे नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळून जाईल. त्याच भागात लोहार चाळ आहे, जेथे आता विजेच्या तारा आणि बटणे विकली जातात आणि लोहारांचे केवळ नाव उरले आहे. तेथून जाताना मला नेहमीच थोडे थांबावेसे वाटते. सांडशी मात्र आताच घेऊ नका. गजाचा तुकडा दोन फूट लांब ठेवला तर त्याचे दुसरे टोक हातात धरता येते आणि पहिले दोन-तीन महिने सांडशीवाचून निभतात. सांडशीतून निसटलेला तापला तुकडा पायावर पडणे हा नवशिक्यांचा ठरलेला अपघात असतो आणि तो अशा रीतीने टळतो.

लोखंड कोणते घ्यावे, याचे उत्तर सोपे आहे: माइल्ड स्टीलचा दहा मिलिमीटर जाडीचा चौरस गज. त्याचे वजन मीटरला सुमारे ७८५ ग्रॅम असते. बांधकामावरच्या टीएमटी सळया फुकट मिळतील, पण त्यांच्या अंगावरच्या कडा ठोकताना दुमडून लोखंडातच बसतात आणि तेथे पुढे चीर पडते. जस्त चढवलेले काहीही भट्टीत घालू नका, मग तो जीआयचा पाइप असो, पत्रा असो की चमकदार नट-बोल्ट. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि आपण लोखंड त्याच्या बरेच वर तापवतो. एका संध्याकाळी मी असा एक बोल्ट तापवला आणि त्याचा पांढरा धूर अंगावर घेतला. रात्री हिवताप भरावा तशी हुडहुडी भरली आणि दुसरा दिवस अंथरुणात गेला.

आता पहिल्या दिवसाचे काम. पहिल्या दिवशी काहीही घडवायचे नाही, गजाला केवळ टोक काढायचे. गजाचे शेवटचे दोन इंच निखाऱ्यांत ठेवा आणि पंखा सावकाश फिरवत राहा. लोखंड आधी काळपट लाल होईल, मग जास्वंदीसारखे लाल, मग पळसाच्या फुलासारखे केशरी आणि त्यानंतर पिवळे. केशरी आणि पिवळ्याच्या मध्ये, म्हणजे साधारण हजार ते अकराशे अंशांच्या आसपास ते बाहेर काढा. पांढरे होऊन त्यातून फुलबाजीसारख्या बारीक चांदण्या उडू लागल्या, तर लोखंड जळत आहे असे समजा. तो भाग पुन्हा जुळून येत नाही, कापूनच टाकावा लागतो.

टोक ऐरणीच्या कडेजवळ किंचित तिरपे टेकवा आणि त्याच तिरपाईने हातोडा मारा. दोन घाव झाले की गज पाव वळण फिरवा, पुन्हा दोन घाव, पुन्हा मूळ बाजू. आठ-दहा घावांत वरची खपली पापडासारखी सुटून पडते, आवाज बदलतो आणि रंग केशरीवरून काळपट लाल होतो. तेथेच थांबायचे. हा थांबण्याचा क्षण ओळखणे हीच या विद्येची पहिली पायरी आहे, आणि तुम्हाला मी मनापासून एवढेच सांगू इच्छितो की ऐरण, हातोडा, पाटा या सर्वांच्या आधी डोळ्यांना हा रंग शिकवा. लोखंड थंडावल्यावरही आणखी दोन घाव मारून घेण्याची जी इच्छा होते, तिच्यामुळेच टोकाला चिरा पडतात. ‘शंभर सोनाराच्या, एक लोहाराची’ असे आपण म्हणतो खरे, पण ती एकही लोखंड ऐन तापावर असतानाच बसावी लागते.

आणखी एक खाचखळगा येथे आहे. टोक गोल हवे असले तरी ते सुरुवातीपासून गोल ठोकू नये. आधी चौरस निमुळते करावे, मग चारही कोपरे दाबून अष्टकोनी करावे आणि शेवटी हलक्या हाताने गोल करावे. थेट गोल ठोकलेल्या टोकाचा गाभा आतून फाटतो आणि टोक पोकळ काडीसारखे होते. चौरस गजाचे दोन सेंटिमीटर लोखंड निमुळते होत गेले की सहा सेंटिमीटरचे टोक तयार होते, कारण निमुळत्या सुळक्यात तेवढ्याच लांबीच्या सरळ गजाच्या एक तृतीयांशच लोखंड मावते. हे गणित ध्यानात राहिले तर पुढे कोणत्याही वस्तूसाठी किती गज कापायचा हे कागदावर काढता येते.

अशी वीस टोके काढा. विसावे टोक चारही बाजूंनी सारखे उतरते झाले की एस आकाराचा आकडा करायला घ्या. टोकाचा शेवटचा अर्धा इंच बाहेरच्या बाजूला किंचित वळवा, म्हणजे कपड्यात अडकणार नाही, आणि मग ऐरणीच्या गोल केलेल्या कडेवर किंवा शेगड्यात धरलेल्या पाइपावर त्याच्या उलट दिशेने मुख्य वळण द्या. वळवताना घाव लोखंड टेकले आहे त्याच्या पुढे, अधांतरी भागावर पडावा. टेकलेल्या जागीच मारले तर लोखंड वळत नाही, चेपते. एक बाजू झाली की छिन्नीने गज तोडून दुसरी बाजू तशीच करा. ही बाजू धरण्यासाठी मात्र लांब दांड्याची पकड लागेल. मधल्या सरळ भागाला पीळ द्यायचा असेल तर तो भाग सगळीकडे सारखा केशरी झाला पाहिजे, कारण जेथे अधिक तापलेला असेल तेथेच पीळ बसतो आणि बाकीचा गज तसाच राहतो. पहिला आकडा वेडावाकडा होईल, तो आईच्या स्वयंपाकघरात टांगून ठेवा. त्यानंतर भिंतीची खुंटी, मग फुलके भाजण्याचा चिमटा, मग कुंड्यांसाठी छोटे खुरपे, असा क्रम माझ्या अनुभवात बरा पडतो. उलथन्यात पातळ पाते पसरवावे लागते आणि ते फार झपाट्याने थंड होते, म्हणून ते चिमट्याच्या नंतर घ्यावे.

या सगळ्याबरोबर पेणच्या आसपास विळे-कोयते पाजवून देणारा लोहार अजून बसत असेल, तर त्याच्याकडे एक दिवस जाऊन बसा. बारा बलुतेदारांतला हा व्यवसाय आता थोड्याच गावांत टिकला आहे. रस्त्याच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्या घिसाडी कुटुंबांचे कामही थांबून पाहावे असे असते: नवरा सांडशीत लोखंड फिरवतो आणि बायको घण मारते, आणि हातोडीच्या एका हलक्या टकटकीवर घण कोठे पडायचा हे ठरते. त्यांचा वेळ म्हणजे त्यांची रोजी असते. केवळ मोबाइलवर चित्रण करून निघून येऊ नका. आधी विचारा, काहीतरी घडवून घ्या, त्याचे मागतील ते पैसे द्या आणि मग शंका विचारा.

अंगावर सुती कपडे असावेत, नायलॉनचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. पायात बंद चामडी बूट, डोळ्यांवर गॉगल आणि कानांत बोळे या तीन गोष्टींत सवलत नाही. काळे दिसणारे लोखंडही तीनशे-चारशे अंश तापलेले असू शकते, त्यामुळे पडलेला तुकडा उचलण्याआधी हाताची पाठ त्याच्याजवळ नेऊन आच बघा. तापला गज सिमेंटच्या कोब्यावर ठेवू नका, आतल्या ओलीची वाफ होऊन कोब्याच्या कपच्या तोंडावर उडतात. भट्टीजवळ पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले असावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. भाजलेच तर तो भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नका, आणि हे आईलाही आत्ताच सांगून ठेवा, कारण घाबरल्यावर घरातली माणसे आधी टूथपेस्टच आणतात.

राहिला पाट्याचा तुकडा. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो, तर पाट्याच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्याच्या वर जातो, आणि म्हणूनच ते पाणी पाजल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, कडक होते. पण त्याच गुणामुळे ते नवशिक्याला माफ करत नाही. थंड पडल्यावर घाव बसला तर ते तडकते आणि लाल असताना चुकून पाण्यात गेले तर काचेसारखे ठिसूळ होते. ज्या तापाला लोखंड लोहचुंबकाला चिकटेनासे होते त्याच्या, म्हणजे ७७० अंशांच्या, थोडे वर नेऊन ते तेलात बुडवायचे, आणि मग पुन्हा मंद आचेवर सोनेरी रंग चढेपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा, ही सुरीची खरी अवघड बाजू आहे. ज्याला रंगांतला फरक अजून दिसत नाही, त्याच्या हातून ती साधणे कठीण. सुरी कराल तेव्हा ती स्वयंपाकघरातलीच करा. घरकाम वा शेतीसाठी नसलेले नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रविषयक नियमांच्या कक्षेत येते, आणि भांडुप ते पेण प्रवासात पिशवीत खंजीर सापडल्यावर तो हौसेने केला होता हे पोलिसांना पटवत बसावे लागेल.

तोवर त्या पाट्याला खोबरेल तेलाचा हात द्या, जुन्या सुती फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि पावसाळ्याचे चार महिने दर पंधरवड्याला काढून गंज धरला का ते पाहत जा. चाळीसेक आकडे आणि दोन चिमटे हातून झाल्यावर तो खाली काढा.